करवतयंत्राची सुरक्षा-साधने

करवतयंत्राची सुरक्षा-साधने : विजेच्या गोल करवतीवर लाकूड चिरताना बोटे पात्यापासून लांब राहावीत आणि लाकूड उसळून अंगावर येऊ नये, म्हणून सुतार स्वतः बनवतो ती साधने. बाजारात ती तयार मिळतात. पण प्लायवूडच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून जे तासाभरात होते, त्यावर पैसे घालवण्याचे कारण नाही.

वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी सुताराकडे दोन लाकडे हटकून येतात : दार-चौकटीचा साग आणि शेतीच्या अवजारांची बाभूळ. मोठा ओंडका आरागिरणीत जातो. तिला वनखात्याचा परवाना लागतो. पुढची बारीक चिराई दुकानात होते. राज्यभरातल्या लहान दुकानांत त्यासाठी दिसणारा जुगाड म्हणजे ११० मिमीचा मार्बल कटर उलटा करून प्लायवूडच्या पाटाखाली ठोकणे. फरशीसाठी बनलेल्या या यंत्राचे आवरण काढून टाकले जाते, आणि बटण दोरीने बांधले की हात सोडल्यावरही पाते थांबत नाही. मिनिटाला बारा हजार फेरे धरले, तर दाताचा वेग ताशी सुमारे २५० किमी होतो.

खरा धोका मात्र पात्याच्या मागच्या अंगाला असतो. पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे वर उठतात. चीर मिटून लाकूड मागच्या दातांवर आवळले की ते उचलले जाते आणि थेट सुताराकडे फेकले जाते. यावरचा उपाय म्हणजे पात्यामागची उभी पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ. ती पात्याच्या पत्र्याहून जाड, पण चिरेहून बारीक हवी. १९४८ च्या कारखाने कायद्याखालील नियमांत पट्टी आणि दात यांतले अंतर पाटाच्या पातळीवर १० मिमीहून जास्त नसावे, असे सांगितले होते. प्रत्येक गोल करवतीजवळ लाकूड पुढे रेटायची ढकलकाठी किंवा तसे साधन ठेवण्याचीही सक्ती होती. मूळ कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून लागू होई. बापलेकाचे दुकान त्यात बसत नव्हते.

ढकलकाठी १२ मिमी प्लायची, हातभर लांब करावी. एका टोकाला लाकडाची कड अडकेल अशी खाच, दुसऱ्याला गोल घासलेली मूठ. लोखंडाची काठी कधीच करू नये. पात्याला लागली तर दात उडतात. अरुंद पट्टी चिरताना काठीऐवजी टाच असलेला ठोकळा बरा, कारण तो लाकूड वरूनही दाबून धरतो.

लाकूड दाबून धरणाऱ्या दाबफळीचे टोक तिरपे कापून त्यात समांतर चिरा पाडतात. त्या लवचीक बोटांमुळे लाकूड पुढे जाते, मागे येत नाही. ती पात्याच्या अलीकडेच बांधावी. पात्याशेजारी बांधली तर चीर मिटते आणि टाळायचे तेच घडते.

आडव्या कापासाठी सरकपाट, म्हणजे लाकूड धरून पाटावर सरकणारी फळी, लागतो. उलट्या कटरच्या पाटाला खोबण नसते. तेव्हा सरकपाटाची पट्टी पाटाच्या कडेवर चालवता येते. लाकूड टेकवायच्या उभ्या पट्ट्या मात्र गुण्या लावूनच बसवाव्यात.

बाभळीचे दुखणे निराळे. फांदी गोल आणि वाकडी, त्यामुळे पाते लागताच ती फिरते आणि हात सोबत नेते. म्हणून मोठ्या बाकाच्या करवतीवर तिरप्या दोन पट्ट्यांची खाच करून, फांदीची दोन्ही टोके कापाच्या रेषेबाहेर स्क्रूने आवळून मगच चिरावी. या भागातल्या सुतारासाठी हे साधन ढकलकाठीइतकेच गरजेचे आहे. परदेशी पुस्तकांत, जिथे सगळे लाकूड चौकोनीच असते, त्याला फार जागा नसते. हातमोजे मात्र काढूनच काम करावे. दातात धागा अडकला की बोटही जाते.

जुगाडाऐवजी नीट अवजार घ्यायचे, तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. संरक्षण यंत्रातच बसवण्याचाही प्रयत्न झाला आहे : अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये बोट लागताच पाते थांबवणारी यंत्रणा तयार केली. सॉस्टॉप नावाने ती विकली जाते. ती त्वचेतून वाहणारी वीज ओळखते आणि साधारण पाच मिलिसेकंदांत पाते रोखते. फार ओले लाकूडही तिला बोटासारखेच वाटू शकते, आणि एकदा ब्रेक लागला की ब्रेकची पेटी आणि बहुधा पातेही बदलावे लागते.