खिळे जुळवणारा संपादक : इब्राहीम शिनासी

‘अहवाल’ हा शब्द आपण रोज वापरतो. हाच शब्द १८६० मध्ये इस्तंबूलमधल्या एका वर्तमानपत्राच्या नावात होता : ‘तर्जुमान-इ अहवाल’, म्हणजे परिस्थिती उलगडून सांगणारा. आज आपण त्याच्या संपादकाकडे, इब्राहीम शिनासींकडे पाहणार आहोत.

त्याआधी तुर्की भाषेत पत्रं नव्हती का? होती. १८३१ चं ‘तक्वीम-इ वेकायी’ सरकारी होतं. १८४० चं ‘जेरीदे-इ हवादिस’ विल्यम चर्चिल या इंग्रजाचं, आणि तेही सरकारी मदतीवर चालणारं. म्हणजे सरकार बोलत होतं आणि लोक ऐकत होते. शिनासी आणि आगाह एफेंदी यांनी हे उलटं केलं. पहिल्याच अंकात शिनासींनी मुद्दा मांडला : कायदे पाळायची जबाबदारी लोकांवर आहे, तर देशाच्या हिताबद्दल बोलायचा हक्कही त्यांचाच. आणि हे सामान्य माणसाला सहज कळेल अशा भाषेत लिहायचं.

ही भाषेची अट आपण नीट लक्षात घ्यायला हवी. तेव्हाचं दरबारी गद्य अरबी-फारसी शब्दांनी जड झालेलं, एकेक वाक्य लांबच लांब. हक्क दिला, पण वाचताच आलं नाही, तर तो हक्क काय कामाचा?

१८६२ मध्ये शिनासींनी स्वतःचं ‘तस्वीर-इ एफ्कार’ काढलं. १८६३ मध्ये त्यांना सरकारी शिक्षण परिषदेवरून काढण्यात आलं. १८६४ मध्ये वृत्तपत्रांवर नवा कायदा आला आणि १८६५ मध्ये पत्र तरुण नामिक केमालच्या हाती सोपवून शिनासी पॅरिसला निघून गेले. तिथे त्यांनी शब्दकोशाचं काम हाती घेतलं. ते अपुरंच राहिलं.

मग ते हरले का? आपल्याला तसं वाटत नाही. अरबी लिपीत अक्षराचं रूप शब्दातल्या जागेप्रमाणे बदलतं, त्यामुळे छापखान्यात पाचशेहून अधिक खिळे लागत. शिनासींनी ते ११२ वर आणले. छपाई सोपी झाली की पत्र जास्त हातांत पोचतं, हा त्यामागचा साधा हिशेब.

१८७१ मध्ये, पंचेचाळिशीच्या आसपास, ते वारले. सरकारने त्यांचं पद काढून घेतलं. त्यांनी घडवलेला वाचक मात्र सरकारला काढून घेता आला नाही.