आरी, दाराची चौकट आणि दास

रोमकरांस आणि फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांच्या आरंभी पौल स्वतःस ख्रिस्ताचा दास म्हणवून घेतो, तेव्हा रामदास, तुळशीदास ही नावे ऐकत वाढलेल्या आपणां मराठी वाचकांस त्यात काहीच वावगे वाटत नाही. परंतु ही पत्रे ज्या नगरांतून प्रथम वाचली गेली तेथे 'दूलॉस' म्हणजे मोल देऊन घेतलेला गुलाम असाच रोकडा अर्थ होता, आणि रोमचा नागरिक असलेल्या मनुष्याने हे उपपद आपण होऊन आपल्या नावास लावावे, हे ऐकणारांस चमत्कारिकच वाटले असले पाहिजे.

शब्द ग्रीक असला तरी त्यामागची कल्पना इब्री कुळातली आहे. इब्रीत गुलामासही 'एवेद' म्हणत आणि राजाच्या अमात्यासही. मोशे आणि दावीद हे देवाचे एवेद. आणि त्याच धातूपासून निघालेला 'अवोदा' हा शब्द शेतातल्या राबणुकीस जसा लागे, तसाच मंदिरातल्या उपासनेसही. ओबद्या संदेष्ट्याचे नाव आणि अरबी अब्दुल्ला ही दोन्ही याच कुळातली असून दोहोंचा अर्थ एकच, देवाचा दास.

या दास्यास स्वेच्छेचा रंग कोठून चढला, हे पाहावयाचे तर बायबलातील निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातील एका कायद्यापाशी यावे लागते. विकत घेतलेल्या इब्री दासाने सहा वर्षे चाकरी करावी आणि सातव्या वर्षी काही न देता मोकळे व्हावे, असा मूळ दंडक. परंतु माझे धन्यावर आणि बायकामुलांवर प्रेम आहे, मला सुटका नको, असे तो स्वमुखाने बोलला, तर धन्याने त्यास दाराशी, चौकटीपाशी उभे करून आरीने त्याचा कान टोचावा, म्हणजे तो त्या घरचा कायमचा दास झाला. आरी म्हणजे चांभाराजवळ असते तसलेच टोकदार हत्यार. आपल्याकडे कान टोचतात ते अजाण बालकाचे, त्याची संमती कोणी विचारीत नाही. येथे मात्र सुटकेचा हक्क पदरात पडलेला जाणता मनुष्य आपण होऊन कान पुढे करी.

पुढे प्रवचनकारांनी या दृश्यावर भक्तीची पुष्कळ फुले वाहिली. परंतु कायद्याची आधीची कलमे वाचणारास त्यातला सल दिसल्यावाचून राहत नाही. धन्याने करून दिलेली बायको आणि तिची मुले ही धन्याचीच मालमत्ता ठरत; दासाने एकट्याने बाहेर पडावे. संसार ओलीस ठेवून मिळविलेल्या होकारास स्वेच्छा म्हणावे काय? अनुवाद या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात हाच कायदा पुन्हा येतो तेव्हा बायकामुलांचा उल्लेख गळालेला आहे, दासीसही तोच नियम लागू केला आहे, आणि सुटणाऱ्यास रिक्तहस्ते न धाडता कळपातले, खळ्यातले व द्राक्षकुंडातले उदारपणे द्यावे, अशी ताकीद आहे. पोटापाण्याची तजवीज झालेला दास राहतो म्हणाला, तर त्या राहण्यास काही किंमत.

कानच का टोचावयाचा, याचे उत्तर पहिल्या शतकातील योहानान बेन झक्काई या रब्बीच्या नावावर तालमुदात नोंदलेले आहे. इस्राएल हे माझे दास आहेत, हे देवाचे बोलणे याच कानाने सीनाय पर्वतावर ऐकले. तरीही याने दुसरा धनी केला, म्हणून शिक्षा कानास. म्हणजे यहुदी परंपरेने जो डाग मानला, त्याचेच पुढे ख्रिस्ती उपदेशकांनी भूषण केले. चाळिसाव्या स्तोत्रात कान उघडल्याचा जो उल्लेख येतो तोही कित्येकांनी या आरीशी जोडला आहे. पण तेथील इब्री क्रियापद खणण्याचे, कायद्यातले भोसकण्याचे, तेव्हा हा संबंध गोड असला तरी कच्चा आहे.

पौलाच्या मनात ही आरी होती असे सांगण्यास दाखला नाही. त्याचा आधार निराळा: फिलिप्पैकरांस लिहिताना तो म्हणतो की, प्रत्यक्ष ख्रिस्तानेच दासाचे रूप धारण केले, मग अनुयायाने याहून मोठी पदवी कोणत्या तोंडाने मागावी? सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या पहिल्या ग्रेगरीने तर देवाच्या दासांचा दास हा किताब चालविला, आणि तो आजही पोपच्या पदव्यांत आहे, जरी मध्यंतरी तो धारण करणारांच्या राजवाड्यांत दास्याची कळा फारशी दिसली नाही.

मराठीत या शब्दास घर शोधावे लागले नाही. चाकरास मुशाहिरा असतो, त्यास राजीनामा देता येतो. दासास दोन्ही नाहीत, हा भेद वारकऱ्यांच्या कानांस आधीच ठाऊक होता. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांस आणि न घेतलेल्यांसही जागा होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. दास हा शब्दही त्यांच्याबरोबर त्याच पुलावरून आला.