सापडणाऱ्याचा वाटा

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना तेथील एक प्रकारची बातमी परिचयाची असेल. सुटीच्या दिवशी धातुशोधक यंत्र घेऊन शेतातून हिंडणाऱ्या कोणा हौशी गृहस्थाला कांस्ययुगातील तलवार वा भाल्याचे पाते सापडते, तो त्याची वर्दी देतो आणि यथावकाश ती वस्तू संग्रहालयात दाखल होते. आपल्याकडे हा छंद रुजलेला नाही. आपल्याकडे प्राचीन धातू वर येतो तो नांगराच्या फाळाने, विहीर खणणाऱ्याच्या पहारीने किंवा गुराख्याच्या नजरेने. सापडणारा बहुधा गरीब असतो आणि त्याच्यापुढे दोन वाटा असतात, एक तलाठ्याकडे जाणारी व दुसरी मोडवाल्याकडे. तो कोणती वाट धरतो, यावर आपल्या प्राचीन इतिहासाची कित्येक पाने अवलंबून राहिली आहेत.

इ. स. १८७० मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांतातील बालाघाट जिल्ह्यात, आजच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या शेजारी, गुंगेरिया या खेड्यात गुरे चारणाऱ्या मुलांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. तेथे खणले असता तांब्याच्या ४२४ वस्तू निघाल्या. त्यांत चपट्या कुऱ्हाडी व पहारीसारखी लांब हत्यारे होती. एकूण वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो भरले. सोबत चांदीचे १०२ पातळ पत्रेही होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ताम्रनिधींपैकी भारतात मिळालेला हा सर्वांत मोठ्यांतला एक. त्यातील काही वस्तू नागपूरच्या अजब बंगल्यात आहेत, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये.

महाराष्ट्रातील याहून प्रसिद्ध उदाहरण दायमाबादचे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी हे गाव आहे. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल या ग्रामस्थास झुडुपाच्या मुळाशी खणताना कांस्याच्या चार भरीव वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ व त्यात उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा या वस्तूंचे एकत्रित वजन ६० किलोहून अधिक आहे. त्या सुखरूप शासनाच्या हाती आल्या, हे आपले भाग्य.

परंतु येथे एक वाद उभा राहिला, तो आजही पूर्णतः मिटलेला नाही. म. न. देशपांडे, एस. आर. राव व एस. ए. साळी यांनी या वस्तू उत्तर-हडप्पा काळातील मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र त्यातील एक टक्क्याहून अधिक आर्सेनिककडे बोट दाखवून त्या बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातील असाव्यात असे सुचवले. शास्त्रशुद्ध उत्खननात, ठरावीक थरात, शेजारच्या खापरांसह या वस्तू मिळाल्या असत्या, तर वादाला एवढी जागा उरली नसती. प्राचीन वस्तूचे निम्मे ज्ञान ती जेथे पडली होती त्या मातीत असते. वस्तू उचलली की ते पुसले जाते, आणि कोणताही कोषागार ते परत देऊ शकत नाही.

आता कायद्याकडे वळू. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे आणि आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी वर्दी द्यावयाची; न दिल्यास त्याचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. ठेवा बेवारस ठरल्यास आणि वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्यास व उरलेला जमीनमालकास मिळतो. सरकारला ठेवा स्वतःकडे घ्यावयाचा असेल, तर धातूची किंमत व तिच्यावर एक पंचमांश अधिक एवढी रक्कम द्यावी लागते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थबकावे. उदाहरणादाखल तांब्याचा भाव किलोला ५०० रुपये धरला, तर चार हजार वर्षांपूर्वीच्या एक किलो वजनाच्या कुऱ्हाडीचे मोल कायद्याने ६०० रुपये होते. मोडवाला ५०० देतो, तेही रोख, आणि काही विचारत नाही. कलेक्टर कचेरीत दावेदारांसाठीच्या जाहीर नोटिशीलाच किमान चार महिने द्यावे लागतात. शंभर रुपयांच्या फरकासाठी कोणता मजूर इतके हेलपाटे घालील? आणि वस्तू देखणी असेल, तर दलाल दोघांवरही मात करतो.

मी राहतो त्या अण्णा नगरपासून एग्मोरचे शासकीय संग्रहालय फार दूर नाही. तेथील चोळ कांस्यमूर्तींपैकी कित्येक याच कायद्याने आल्या आहेत. म्हणजे कलेक्टर व तहसीलदार जागे असले की जुना कायदाही काम करतो. उलट उदाहरणही याच राज्यातले. दायमाबादनंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, तंजावर जिल्ह्यातील पत्तूर येथे एका मजुराला खणताना नटराज सापडला. तो क्षुल्लक किमतीला विकला गेला व हातोहात लंडनला पोहोचला. १९९१ मध्ये तेथील न्यायालयाने देवळाच्या बाजूने निकाल दिल्यावरच तो परतला. जे काम वर्दीच्या एका कागदाने झाले असते, त्यासाठी सातासमुद्रापलीकडे वर्षानुवर्षे दावा लढवावा लागला.

ब्रिटनने १९९६ साली आपला कायदा बदलला. संग्रहालयाने ठेवा घेतल्यास स्वतंत्र समिती बाजारभावाने मूल्य ठरवते व ते सापडणारा आणि जमीनमालक यांत वाटले जाते. कायद्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या वस्तूंसाठी १९९७ पासून ऐच्छिक नोंदणीची योजना आहे. तीत दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत आणि सापडल्याचे ठिकाणही टिपले जाते. त्या व्यवस्थेतही चोरटे आहेतच. तथापि प्रामाणिक माणसाला प्रामाणिक राहणे तिने परवडण्याजोगे केले, आणि चांगल्या प्रशासनाकडून याहून फार वेगळी अपेक्षा नसते. आपणही धातूच्या भावाऐवजी वस्तूचे मोल मोजावे, आणि ठिकाण जसेच्या तसे दाखवणाऱ्यास अधिक द्यावे. सरकारच्या एकूण खर्चात ही रक्कम नगण्य ठरेल.

परदेशस्थ वाचकांपैकी अनेकांची गावाकडे अजून शेती आहे, आणि ती दुसरे कोणी कसतात. पुढच्या फेरीत त्यांना एवढेच सांगून ठेवावे : जुनी धातूची वस्तू लागली तर ती घासू नये, वितळवू नये, शक्यतो जागेवरून हलवू नये, तहसील कचेरीत लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. त्या पोचेवर सापडणाऱ्याचे नाव असावे, मालकाचे नव्हे.