लेडी मेरीचा चेहरा

देवीच्या साथीत किती माणसे दगावली याचे आकडे इतिहासाच्या पुस्तकांत सापडतात. जी वाचली त्यांनी व्रणांनी भरलेला चेहरा घेऊन पुढचे आयुष्य कसे काढले, याबद्दल मात्र ती पुस्तके बहुधा गप्प असतात. आणि अशी माणसे काही थोडीथोडकी नव्हती. वाचकहो, आपल्या जुन्या घरांतून एखादी आजी, एखादी आत्या अशी असायचीच, की जिच्या गालांवर ते खळगे होते आणि जिच्या लग्नाची गोष्ट घरात हळू आवाजात सांगितली जाई. आज अशाच एका बाईची हकीकत सांगायची आहे. बाई आपल्याकडची नव्हे, इंग्लंडातली. पण तिने आपल्या चेहऱ्याविषयी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे, म्हणून तिची निवड केली.

लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हे तिचे नाव. जन्म १६८९ चा, उमराव घराण्यातला. वडिलांनी ठरवलेले स्थळ तिला पसंत नव्हते. १७१२ साली घरातून पळून जाऊन तिने आपल्या मनाने लग्न केले. लंडनच्या दरबारात रूप आणि बुद्धी या दोन्हींसाठी तिचे नाव घेतले जाई. १७१३ साली तिचा भाऊ देवीने गेला. दोन वर्षांनी, १७१५ च्या डिसेंबरात, तिला स्वतःला देवी आल्या. वय सव्वीस. जीव वाचला, पण कातडी खडबडीत झाली आणि पापण्यांचे केस गेले ते कायमचे.

या दुखण्यानंतर लवकरच तिने एक कविता लिहिली. तीतली फ्लेविया नावाची तरुणी देवीतून उठली आहे. ती आरशाकडे पाठ फिरवते, गेलेल्या रूपासाठी आक्रोश करते आणि शहर सोडून कुठेतरी एकांतात तोंड लपवायचे ठरवते. हे दुःख कोणाचे होते ते सांगायला नकोच.

त्या काळी असे चेहरे झाकायची साधने होती. काळ्या रेशमाच्या टिकल्या खळग्यांवर चिकटवीत. आणि सगळ्यांत मोठे साधन म्हणजे सफेदा. शिशाचे पत्रे शिरक्याच्या वाफेवर ठेवले की त्यांवर पांढरा थर धरतो, तो खरवडून घ्यायचा आणि वाटून तोंडाला लावायचा. रोमन काळापासून युरोपात ही रीत होती. शिसे हे विष आहे. चामडी त्याने बिघडे, आणि बिघडलेली चामडी झाकायला आणखी एक थर चढे! पाऱ्याची औषधेही चेहऱ्यावर फासली जात. म्हणजे बघा, रोगातून वाचलेली बाई उपायाने आजारी पडायची.

१७१६ साली मेरीच्या नवऱ्याची तुर्कस्तानच्या सुलतानाकडे वकील म्हणून नेमणूक झाली आणि तीही त्याच्याबरोबर निघाली. वाटेत जर्मनीतल्या हॅनोव्हरला मुक्काम झाला. तिथल्या दरबारी बायका तिने पाहिल्या : सगळ्यांचे गाल सारखेच गुलाबी, कपाळे सारखीच पांढरी, भुवया सारख्याच काळ्याकुळीत. तिने मैत्रिणीला लिहिले, की या बायका मेणाच्या पुतळ्यांसारख्या दिसतात, आणि शेकोटीच्या फार जवळ गेल्या तर वितळतील अशी भीती वाटते. हे लिहिणारीला देवी येऊन पुरते वर्षच झाले होते, हे लक्षात ठेवा. परतीच्या प्रवासात, १७१८ साली, पॅरिसच्या बायकांचे लालभडक गाल पाहून तिला आठवली ती गेरूने खूण केलेली मेंढरे. आपल्या धनगरांच्या कळपाची ज्यांना ओळख आहे त्यांना ही उपमा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

पण तिच्या पत्रांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग मधल्या वर्षाचा, १७१७ चा आहे. सोफिया शहरात ती बायकांच्या हमामखान्यात गेली. तिच्या अंदाजाने तिथे दोनशे बायका होत्या, आणि सगळ्या निर्वस्त्र. कोणी केस विंचरते आहे, कोणी कॉफी पिते आहे, कोणी गप्पा मारते आहे. कुणी हसले नाही, कुणी कुजबुजले नाही. आग्रह होऊ लागला तेव्हा मेरीने आपल्या झग्याचे बंद सैल केले. आत घट्ट आवळलेली चोळी पाहून त्या बायकांना वाटले, की नवऱ्यानेच हिला या पिंजऱ्यात कुलूप लावून ठेवले आहे! तिथे बसल्या बसल्या मेरीच्या मनात आले, की माणसांनी उघडे राहायची चाल असती तर चेहऱ्याकडे कोणी फारसे पाहिलेच नसते. नुसता गमतीचा विचार म्हणून हे सोडून देता येईल. पण जिच्याकडे दीड वर्ष लोक फक्त चेहरा पाहत होते, तिला तो सुचला आहे.

पुढे कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका गावी राहत असताना तिला मक्केच्या बामाची लहानशी भेट मिळाली. फार किमती वस्तू. ती लावली की कांती उजळते अशी ख्याती. मेरीने मोठ्या आशेने ती चोपडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड सुजून लालबुंद! तीन दिवस ते तसेच होते, आणि नवरा बोलून बोलून भंडावीत होता तो वेगळाच. आसपासची मंडळी म्हणाली, की आता रंग पुष्कळ सुधारला. आरशात पाहून तिला काही ते पटले नाही. मग तिने लिहून टाकले, की असला त्रास मी पुन्हा करून घेणार नाही. माझ्या कांतीने आपल्या स्वभावाने चालावे आणि वेळ येईल तेव्हा उतरावे.

तुर्कस्तानातल्या मुक्कामात तिने दुसरी एक गोष्ट पाहिली. देवी आलेल्या माणसाच्या फोडांतला पू म्हाताऱ्या बायका अक्रोडाच्या करवंटीतून घेऊन येत, सुईने शिर जराशी टोचून तो आत घालीत. सौम्य देवी येऊन जात आणि माणूस पुढे सुरक्षित राही. १७१८ साली तिने आपल्या मुलाला असे टोचून घेतले. इंग्लंडात परतल्यावर १७२१ साली लंडनमध्ये, डॉक्टरांच्या देखत, मुलीलाही टोचून घेतले. ओरड फार झाली. बायकांची आणि तीही तुर्की बायकांची विद्या, ती आपण शिकायची काय, असा सूर होता. पण पुढच्याच वर्षी राजघराण्यातल्या मुलींना टोचले गेले. या पद्धतीत धोका होता, काही माणसे त्यानेही मेली. नुसत्या देवीने मरत त्या मानाने फार कमी.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. चेहऱ्याचा मोह सोडलेली धीराची बाई, असा धडाच तयार झाला असता. पण कागदपत्रे तसे करू देत नाहीत. १७४० साली फ्लॉरेन्सला होरेस वॉलपोल या तरुण इंग्रजाने तिला पाहिले. ती तेव्हा एक्कावन्न वर्षांची. त्याने घरी लिहिले, की बाईने तोंडाला स्वस्तातला, जाडाभरडा पांढरा रंग फासला होता. म्हणजे मेंढरांना हसलेली मेरी शेवटी सफेद्याकडे वळली होती. आणि १७५७ साली, उतारवयात, तिने आपल्या लेकीला लिहिले, की गेली अकरा वर्षे मी आरशात पाहिलेले नाही; शेवटचे पाहिले ते इतके वाईट वाटले, की तो त्रास पुन्हा नको. फ्लेवियानेही आरशाकडे पाठच फिरवली होती.

वॉलपोलच्या कुचेष्टेत सामील व्हावेसे मला वाटत नाही. तेविशीतल्या पोराने एकट्या राहणाऱ्या बाईच्या तोंडावरचा रंग मोजायचा, यात कसला मोठेपणा? बामाच्या वेळचा तिचा निश्चय खरा होता आणि नंतरचा रंगही खरा होता. चाळीस वर्षांत माणसाचे मन एका जागी बसून राहत नाही. कॉलेजात हा भाग शिकवताना मुली हमखास विचारतात, "सर, मग ती हरली का?" मुलगे हा प्रश्न विचारीत नाहीत, हेही नोंदवून ठेवतो. मला वाटते, रंग लावला म्हणून ती हरली नाही. रंग लावल्यावाचून चारचौघांत बसता येऊ नये अशी ज्या समाजाची रीत होती, त्याने तिला फार दमवले.

१७६२ साली ती वारली. १७९६ साली जेन्नरने गाईच्या देवीची लस टोचून पाहिली. टोचणीची ही पद्धत कितीतरी अधिक सुरक्षित ठरली. ती लस युरोपातून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करीत मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वी झालेली ती पहिली लस. पुढे गावोगाव 'देवी काढणारे' फिरू लागले. आपल्या देशातला शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, आणि १९८० साली जगातून देवी गेल्याची घोषणा झाली.

गंमत अशी, की १९७५ हेच 'फेअर अँड लव्हली' या गोरेपणाच्या क्रीमचेही आपल्या बाजारात येण्याचे वर्ष. तिच्या नावातला 'फेअर' हा शब्द निघायला २०२० साल उजाडावे लागले. नाव नसलेल्या, छाप नसलेल्या डब्यांतून विकल्या जाणाऱ्या काही गोरे करणाऱ्या मलमांत आजही पारा सापडतो आणि त्याने मूत्रपिंडे बिघडतात. मुलीला अशी डबी आणून देणाऱ्या आईबापांपर्यंत शिक्षकांनी एवढी गोष्ट तरी अवश्य पोचवावी.

तुमच्या गावात देवीचे वण असलेली एखादी म्हातारी बाई अजून असेल. वर्गातल्या मुलांना वही घेऊन तिच्याकडे पाठवा. तिला देवी कोणत्या साली आल्या, घरात आणखी कोणाला आल्या, तिला पाहायला आलेल्या मंडळींनी काय विचारले आणि ती काय बोलली, हे तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. लेडी मेरीजवळ दौत-लेखणी होती. या बायकांचे कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि त्या आता फार थोड्या उरल्या आहेत.