टू-टू रायफल घेताय? आधी नळी आणि गोळीची जोडी जमते का ते बघा

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावलं. या खेळात वापरतात ती पॉइंट टू-टू बोल्ट अॅक्शन रायफल. घरातलं पोरगं याच वाटेनं निघालं असेल तर आज ना उद्या आई-वडिलांसमोर लाखांच्या खर्चाचा प्रश्न येतो. पैसे मोडण्याआधी पुढच्या गोष्टी समजून घ्या.

रायफल कशी असते?
हाताने दांडी मागे ओढायची, काडतूस घालायचं, दांडी पुढे ढकलून बंद करायची, ही झाली बोल्ट अॅक्शन. बार उडताना बोल्ट घट्ट बंद राहतो, म्हणून नेम सारखा लागतो. रिमफायर म्हणजे पेट घेणारं मिश्रण काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं. पिन कडेवर आपटली की बार होतो. हे काडतूस पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे रायफल एकदाच घ्यावी लागते, पण गोळीचा खर्च कायमचा.

किती अचूक हवी?
५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि तिच्या छिद्राची कड रेषेला शिवली तरी दहा गुण मिळतात. हिशेब केला तर सगळ्या छिद्रांचे मध्य १६ मिलिमीटरच्या गोलात बसले पाहिजेत. रायफल आणि गोळीच त्याहून जास्त पसरत असेल, तर पोराचा हात कितीही स्थिर असो, गुण जाणारच. पसारा जितका कमी, तितकी माणसाच्या चुकीला जागा जास्त.

गोळी कोणती?
टार्गेटची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची असते. तिचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा (सेकंदाला सुमारे ३४० मीटर) कमी ठेवतात. हाय व्हेलॉसिटी गोळी जास्त वेगानं सुटते, पण वाटेत आवाजाच्या वेगाखाली येताना डळमळू शकते. 'जास्त जोराची ती चांगली' हा हिशेब इथं चालत नाही.

एले, लापुआ, आरडब्ल्यूएस ही नावं स्पर्धेत नेहमी दिसतात. पण नुसत्या नावावर जाऊ नका. प्रत्येक खोक्यावर लॉट नंबर असतो. एकाच कंपनीची, एकाच किमतीची गोळी असली तरी एक लॉट एका नळीला जमतो, दुसरा जमत नाही. एकच बियाणं दोन शिवारांत वेगळं उगवावं, तसंच हे. म्हणून मोठे खेळाडू कंपनीच्या चाचणी केंद्रात रायफल घट्ट बांधून लॉट तपासतात आणि जमलेल्या लॉटचाच साठा घेतात.

तपासायचं कसं?
• रायफल टेकणावर नीट ठेवून प्रत्येक लॉटचे दहा-दहा बारांचे निदान दोन-तीन गट काढा. तीन बार जवळ पडले म्हणून खूश होऊ नका.
• गोळी बदलल्यावर नळीला नव्या गोळीचं मेण बसू द्या. सुरुवातीचे दहा-पंधरा बार मोजू नका.
• जुनी रायफल घेताना नळीचं पुढचं तोंड ठेचलेलं नाही ना आणि चेंबरमध्ये झीज नाही ना, हे जाणकाराकडून बघून घ्या.
• ट्रिगर प्रत्येक वेळी सारखाच सुटला पाहिजे. दस्ता पोराच्या अंगाप्रमाणे पुढे-मागे, वर-खाली करता आला पाहिजे.
• वजन ८ किलोच्या आत हवं. या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, भोकातून बघायची साइट लागते.
• काडतुसं उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. मेण वितळलं की नेम बिघडतो.

परवान्याशिवाय हात नको
शस्त्र अधिनियम १९५९ नुसार या रायफलीला परवाना लागतो. किती काडतुसं घेता येतील, हेही परवान्यात लिहिलेलं असतं. २१ वर्षांखालील मुलाच्या नावावर परवाना मिळत नाही. ठरलेल्या वयानंतर प्रशिक्षणात मात्र बंदूक वापरता येते. कागदपत्रांची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात (शहरात पोलीस आयुक्तालयात) आणि रायफल संघटनेकडे घ्या.

ही रायफल रानडुकरं हाकायला नाही. तिची गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. शिवारात चुकून सुटली तर पलीकडे खुरपणाऱ्या बाईला लागेल. बार फक्त रेंजवरच.

आधी काय करावं?
सुरुवात १० मीटर एअर रायफलनं करा. पोरगं टिकलं, तर क्लबच्या टू-टू रायफलीवर सराव करू द्या. स्वतःची घ्यायची वेळ आली, की सगळे पैसे रायफलीत घालू नका. भारीतली रायफल आणि न जमणारी गोळी यापेक्षा मध्यम रायफल, जमलेला लॉट आणि सरावाला पुरतील एवढी काडतुसं, हेच पोराला पुढे नेतं.