गर्ट्रूड एलियन : पीएचडी नसलेली शास्त्रज्ञ

1933 साली न्यूयॉर्कमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीचे आजोबा पोटाच्या कर्करोगाने गेले. आजोबांवर तिचा फार जीव होता. त्यांच्या वेदना जवळून पाहिल्यावर तिने ठरवले की या रोगावर औषध शोधायचे. तिचे नाव गर्ट्रूड एलियन.

वडील लिथुआनियातून अमेरिकेत आलेले, दातांचे डॉक्टर. 1929 साली शेअर बाजार कोसळला आणि त्यांची सारी पुंजी बुडाली. फी भरून मुलीला शिकवणे शक्य नव्हते. पण शहरात मुलींसाठी हंटर कॉलेज होते. तिथे गुणांवर प्रवेश मिळे आणि फी नसे. 1937 मध्ये एलियन तिथून रसायनशास्त्राच्या पदवीधर झाल्या.

पुढे मात्र दारे बंद होती. एकाही विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिली नाही. एका मुलाखतीत तर, तुमच्यामुळे प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे लक्ष विचलित होईल, असे सांगून नोकरी नाकारली. त्यांनी एका रसायनतज्ज्ञाकडे सुरुवातीला बिनपगारी काम केले, शाळेत शिकवले आणि पैसे साठवून 1941 मध्ये एमएससी पूर्ण केली. वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. त्याच वर्षी त्यांचा नियोजित वर हृदयाच्या जंतुसंसर्गाने वारला. काही वर्षांनी सर्वत्र मिळू लागलेल्या पेनिसिलिनने तो कदाचित वाचला असता. एलियन यांनी पुढे लग्न केले नाही.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले आणि प्रयोगशाळांत माणसे कमी पडू लागली. तेव्हा कुठे स्त्रियांना जागा मिळाली. एलियन यांनी काही काळ लोणच्याचा आंबटपणा तपासण्याची नोकरी केली. 1944 मध्ये त्या बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली रुजू झाल्या. संध्याकाळी पीएचडीचे वर्ग सुरू होते. नोकरी सोडून पूर्ण वेळ शिका, नाहीतर पीएचडी सोडा, असे तिथे सांगण्यात आले. त्यांनी पीएचडी सोडली.

कंपनीतले काम असे होते. पेशीला विभागायचे तर नवा डीएनए तयार करावा लागतो आणि त्यासाठी प्युरीन नावाचे घटक लागतात. कर्करोगाच्या पेशी बेसुमार विभागतात, म्हणून त्यांना ते सतत हवे असतात. हुबेहूब प्युरीनसारखा दिसणारा, पण निरुपयोगी रेणू पुढे केला तर पेशी फसेल, हा विचार होता. एलियन यांनी एका प्युरीनमधल्या ऑक्सिजनच्या जागी गंधकाचा अणू बसवला. हेच औषध 6-मर्कॅप्टोप्युरीन.

तेव्हा रक्ताचा तीव्र कर्करोग झालेली मुले बहुधा काही महिन्यांतच दगावत. या औषधाने ती सुधारू लागली आणि 1953 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण बहुतेकांचा रोग उलटे. एलियन यांना त्याचा फार त्रास झाला, तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढे हे औषध इतर औषधांबरोबर दिले जाऊ लागले. आज प्रगत देशांत या रोगाच्या मुख्य प्रकारातली दहापैकी आठांहून अधिक मुले बरी होतात. भारतातल्या रुग्णालयांतही मुलांना हीच गोळी देतात.

याच वाटेवर मूत्रपिंडरोपणाला आधार देणारे ॲझाथायोप्रिन आणि संधिवाताच्या एका प्रकारावरचे ॲलोप्युरिनॉल आले. 1988 मध्ये हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळाले. 1999 मध्ये त्यांचे निधन झाले.

अशी गोष्ट ऐकली की आपण म्हणतो, जिद्द असेल तर सारे जमते. एलियन यांची जिद्द मोठीच होती. पण बिनफीचे कॉलेज नसते तर ती पंधराव्या वर्षीच घरात अडकली असती. युद्धाने जागा रिकाम्या केल्या नसत्या तर प्रयोगशाळेचे दार उघडले असते का, हेही सांगता येत नाही. त्या काळी मुलाखतीतून परत पाठवलेल्या इतर मुलींची नावे आपल्याला माहीत नाहीत. आपल्या वस्तीत बारावीनंतर पैशांअभावी घरी बसलेल्या मुलींची नावे मात्र आपल्याला माहीत आहेत. त्यांच्या जिद्दीची परीक्षा पाहण्याआधी त्यांच्या फीचे काय करायचे, ते बोलूया.