एक जुलैचा वायदा

बाजार घसरला की एक वाक्य हमखास कानी पडते : धीर धरा, बाजार पुन्हा वर येतोच. वाक्य खोटे नाही. पण मुंबईच्या १८६५ सालापुढे ते उभे केले, तर जरा अडखळते.

१८६१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि गिऱ्हाईक मुंबईच्या दारात आले. भाव इतके चढले, की लोकांनी गाद्या उसवून जुना कापूस विकायला काढला, असे सांगतात. बदल्यात सोने-चांदी आली. एवढा पैसा ठेवायचा कुठे, म्हणून कंपन्या निघाल्या : बँका, पेढ्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या मंडळ्या. त्यांत सर्वांत गाजली ती बॅकबे रेक्लमेशन कंपनी. ५,००० रुपयांचा तिचा शेअर ५०,०००च्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती.

या वेडाच्या केंद्रस्थानी सुरतेत जन्मलेला दलाल प्रेमचंद रायचंद होता. सारे खापर त्याच्या डोक्यावर फोडण्याची रीत आहे. मला ती सोयीची वाटते, पुरेशी नाही. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारची भागी असलेली बँक. १८६३च्या कायद्याने तिला शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. शेअर घ्यायचा, गहाण टाकायचा, आलेल्या पैशांतून दुसरा घ्यायचा. शिवाय वायद्याचे सौदे होतेच : आज भाव ठरवायचा, पैसे पुढे द्यायचे. असे शेकडो सौदे एकाच तारखेवर येऊन थांबले होते, १ जुलै १८६५.

९ एप्रिलला जनरल ली शरण गेला. ती बातमी मुंबईस पोचली आणि कापूस कोसळला. आता विचार करा : वायदा करून बसलेल्या माणसाला ‘दहा वर्षे थांब’ असे कोण सांगणार? त्याच्यापाशी दहा वर्षे नव्हतीच, जुलै होता. दीर्घ मुदत ही स्वभावाची गोष्ट आहे असे आपण समजतो. ती आधी देणे-घेण्याची गोष्ट आहे.

१ जुलैला, शनिवारी, कोणी कोणाचे पैसे देऊ शकेना. २,८५० रुपयांवर गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. १८६८ साली बँकच मिटली. पुराणवस्तू आणि शिलालेखांचे व्यासंगी डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा विद्वानही या पुरात सापडला.

बरे, ज्याने स्वतःच्या पैशांनी बॅकबेचा शेअर घेतला आणि शांतपणे जपून ठेवला, त्याचे काय? कंपनीच गुंडाळली गेली. जपायला कागद उरला. गंमत अशी, की कल्पना चुकीची नव्हती. त्या किनाऱ्यालगत रेल्वे गेली, विसाव्या शतकात भराव पडले, मरीन ड्राइव्ह झाला, नरिमन पॉइंट झाला. समुद्राने जमीन दिली, फक्त ती त्या भागधारकांना मिळाली नाही. शहर सावरले याचा अर्थ शेअर सावरला असा होत नाही, आणि निर्देशांकाचा आलेख पाहताना हे हटकून विसरले जाते, कारण मेलेल्या कंपन्या त्यातून आधीच वगळलेल्या असतात.

त्याच तेजीत, १८६३ साली, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली. ब्रह्मदेशातले सागवान तोडून विकणे हा तिचा धंदा. तिच्यापाशी विकायला लाकूड होते. तिच्या शेअरची उलाढाल मुंबईत आजही होते.

प्रेमचंदही बुडाला. मात्र १८६४ सालीच त्याने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले होते. राजाबाई टॉवरला त्याच्या आईचे नाव आहे. कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या दोन लाखांतून १८६६ साली एक विद्यावृत्ती सुरू झाली. ती मिळवणारे बंगाली विद्वान नावापुढे ‘पी. आर. एस.’ लावत, म्हणजे प्रेमचंद रायचंद स्कॉलर. शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिणारे जदुनाथ सरकार त्यांपैकी एक.